डाळ परवडते, डब्याची जागा परवडत नाही

मुंबईत जेवण स्वस्त आहे. हे मी कुठेही म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग त्याच्या भाचीने लोअर परळला कॉफी कितीला घेतली ते सांगायला लागतो. कॉफीचं सोडा हो. स्टेशनबाहेर अजून पंधरा-वीस रुपयांत वडापाव मिळतो, उडप्याकडची राइस प्लेट दीडशेच्या आत बसते, सकाळी लवकर दादरला उतरलात तर पालेभाजी अशा भावात मिळते की सांगली-साताऱ्याकडचा माणूसपण पिशवी पुढे करेल, आणि पहाटे उठून ससून डॉकला जायची तयारी असेल तर मग मासळीचं काही विचारूच नका. माझा आतेभाऊ कोल्हापूरला असतो, बँकेत आहे, त्याची मुंबईला बदली होणार अशी कुणकुण लागली तेव्हा त्याने फोन करून एकच विचारलं, "दादा, मुंबईत चौघांना महिन्याला किती लागतात रं?" मी म्हटलं, खायला-प्यायला आणि फिरायला कोल्हापूरएवढेच, कदाचित थोडे कमीच. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. वडापावचंच घ्या ना. १९६६ साली अशोक वैद्यांनी दादर स्टेशनबाहेर वडापाव सुरू केला असं सगळेच सांगतात, पण स्टेशनबाहेरच का, हे कोणी फारसं विचारत नाही. तिथे दिवसभर भुकेली माणसं उतरतात म्हणून. चार बाय सहाच्या जागेत सकाळपासून रात्रीपर्यंत कढई खाली उतरत नाही, त्यामुळे एका वड्यामागे रुपया-दीड रुपया सुटला तरी धंदा चालतो. तालुक्याच्या गावी वडेवाला दुपारी चारला कढई चढवतो, सात-साडेसातला आवरतो, आणि मधे एसट्या किती आल्या त्यावर त्याचं सगळं अवलंबून. त्याची जागा स्वस्त आहे, मान्य, पण तेल त्याच भावाचं, गॅस त्याच भावाचा आणि गिऱ्हाईक मोजकं, मग त्याचा वडा स्वस्त कसा असणार? कापड, स्टेशनरी, वायरी-स्विच, प्लास्टिकचे डबे, सगळ्याला हाच नियम. मंगलदास मार्केट, लोहार चाळ, मस्जिद बंदर इथून माल उचलून गावोगावचे दुकानदार घेऊन जातात, त्यावर ट्रान्सपोर्ट चढतं, दुकानदाराचा नफा चढतो, आणि माल पडून राहिला तर त्याचं व्याजपण चढतं. मुंबईत माल पडून राहत नाही.

प्रवासाचं तेच. लोकलचं तिकीट पाच रुपयांपासून सुरू होतं आणि सेकंड क्लासचा महिन्याचा पास इतका स्वस्त आहे की आतेभावाच्या बुलेटला त्याहून जास्त पेट्रोल लागतं. अर्थात हे रेल्वेच्या जिवावर, एके काळी तिकिटावरच छापलेलं असायचं की रेल्वेला प्रवासखर्चाच्या सरासरी ५७ टक्केच वसूल होतात. बेस्टने जुलै २०१९ मध्ये बसचं किमान भाडं पाच रुपयांवर आणलं होतं, मे २०२५ पासून ते दहा झालं, एसीला बारा. त्यावर आरडाओरडा झाला आणि तो रास्तच होता, एका फटक्यात दुप्पट म्हणजे काय! तरीपण दहा रुपयांत पाच किलोमीटर हे कोल्हापुरात स्वतःच्या गाडीनेसुद्धा जमत नाही, गाडीचा हप्ता, इन्शुरन्स आणि टायर धरले तर. आतेभावाच्या घरात चार माणसांत तीन दुचाक्या आहेत, कारण त्याशिवाय कोणाचं पानच हलत नाही. आमच्या घरात एकही नाही आणि अडत नाही.

मग महाग काय? जागा. आता यात मी काही शोध लावला नाही, हे रिक्षावाल्यालाही माहीत आहे. पण लोकांना वाटतं जागेची महागाई म्हणजे घरभाडं किंवा ईएमआय, महिन्याच्या हिशोबात एक मोठी ओळ, ती सोडली की बाकीचं सगळं नॉर्मल. तसं नाहीये. ती ओळ बाकीच्या सगळ्या ओळींत झिरपते, आणि कधी कधी अशा ठिकाणी निघते जिथे पैसे लिहायचा रकानाच नसतो.

आत्याचं उदाहरण सांगतो. आत्याकडे उन्हाळ्यात वर्षाची बेगमी होते. गहू, ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, सगळं ऊन दाखवून, गव्हाला एरंडेल लावून, कोठ्यांमध्ये भरून ठेवायचं, मग मिरच्या आणून वर्षाचं तिखट करायचं, चटणीचा तो खाट उठला की अख्खी गल्ली शिंकते. सीझनला आणि पोत्याने घेतल्यामुळे किलोमागे पाच-सात रुपये तरी वाचतात. एकदा ती आमच्याकडे कांदिवलीला राहायला आली होती आणि मी खालून पाच किलो आटा, अर्धा किलो तूरडाळ असं घेऊन आलो तर म्हणाली, "हे एवढं एवढंसं काय आणतोस रं, पाव्हण्याच्या घरी ऱ्हायल्यागत?" बायकोला हसू आवरेना. मी रात्री गंमत म्हणून हिशोब मांडला. दोन क्विंटल गहू ठेवायचा म्हणजे दोन फूट बाय दोन फुटाची कोठी लागणार, म्हणजे चार चौरस फूट जागा. आमच्या भागात जुन्या बिल्डिंगमध्ये कार्पेटचा भाव फुटाला पंचवीस हजारांच्या आसपास आहे. म्हणजे त्या कोठीच्या बुडाखालची फरशी एक लाखाची. होम लोन साडेआठ टक्क्याने धरलं तर त्या फरशीचं वर्षाचं व्याज ८,५०० रुपये. आणि गहू? चाळीसच्या भावाने दोन क्विंटल म्हणजे ८,००० रुपये. गव्हापेक्षा गव्हाच्या खालची जागा महाग! त्यातून वाचणार किती, तर हजार-बाराशे.

आत्याला हे सांगितलं नाही, तिने मला वेड्यात काढलं असतं.

पण तेव्हापासून मला आमच्या खालच्या वाण्याचं दुकान वेगळं दिसायला लागलं. ते दुकान म्हणजे बिल्डिंगमधल्या सगळ्या घरांची कोठी आहे, आम्ही तिथे धान्य ठेवतो आणि लागेल तसं अर्धा-अर्धा किलो काढून आणतो, आणि किलोमागे जे जास्त देतो ते गोडाऊनचं भाडं. आता ती दहा मिनिटांत सामान आणणारी अॅप्स आलीयत, तीपण तेच करतात, फक्त कोठी दोन गल्ल्या पलीकडे एखाद्या गाळ्यात असते. तरुण पोरांना वाटतं आपण आळशी झालो म्हणून अॅप वापरतो. मला नाही वाटत. एका खोलीत तिघं राहणारी पोरं पाच किलोचं तेल आणून ठेवणार कुठे? आणि मुंबईत गरीब माणूस सगळ्यात छोटं पाकीट घेतो ते फक्त हातात पैसे कमी म्हणून नाही, झोपडीत शेल्फ एकच असतं म्हणूनपण.

धान्याचं निदान पैशात सांगता येतं. पोरगा दहावीला गेला की त्याला बसायला कोपरा नाही म्हणून अभ्यासिकेची महिन्याची फी, बारशाला माणसं मावत नाहीत म्हणून हॉल, गावाहून चार माणसं आली की कोणीतरी एक जण ऑफिसमधून उशिरा यायचं नाटक करतो कारण आधी आला तर बसणार कुठे. लग्न झालेला भाऊ वेगळा राहतो ते भांडण झालं म्हणून नाही, चाळीतल्या १८० फुटांत दोन संसार झोपू शकत नाहीत म्हणून. वेगळा राहिला की दुसरा गॅस, दुसरा फ्रिज, दुसरं लाइट बिल आणि दुसरं डिपॉझिट. हे सगळं खरं तर घरभाडंच आहे, फक्त आपण ते शिक्षण, समारंभ, नातेवाईक अशा नावांनी लिहितो.

आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत तो वेळ देतो. सेंट्रल लाइन हे मुंबईचं सगळ्यात प्रामाणिक दरपत्रक आहे. दादर, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, ठाणे, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, एकेक स्टेशन मागे पडतं तसं भाडं उतरत जातं आणि घड्याळ चढत जातं. वेस्टर्नला विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर आहे, फास्ट गाडीनेसुद्धा दीड तासाच्या आसपास, वर घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस वेगळं. अर्थशास्त्रवाले याला छान आलेख काढून दाखवतात, मधे उंच आणि बाजूला उतरता, आणि म्हणतात की माणूस भाडं आणि प्रवास यांची बेरीज करून जागा निवडतो. हो, निवडतो. पण त्या बेरजेत प्रवास म्हणजे पासाचे पैसे धरतात की सकाळी पाच-पन्नासला उठून डबा करणाऱ्या बाईची झोपपण धरतात, हे मला त्या आलेखात कधी सापडलं नाही. पास स्वस्त आहे हे मी वर कौतुकाने लिहिलं, पण पास स्वस्त आहे म्हणूनच तर शहर बदलापूर-विरारपर्यंत पसरू शकलं. तिकीट खऱ्या खर्चाला असतं तर दादर-परळच्या ऑफिसांना बाराशे-पंधराशे रुपये रोजाला माणूस मिळालाच नसता. म्हणजे ती उरलेल्या ४३ टक्क्यांची सवलत नक्की कोणाला मिळते, प्रवाशाला की त्याच्या शेठला, हा मला पडलेला जुना प्रश्न आहे.

(मुलुंडवरून आठवलं, पूर्वी लोक म्हणायचे मुंबईत वस्तू महाग कारण नाक्यावर जकात लागते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. नाक्याच्या अलीकडे काय स्वस्त झालं ते कोणाला आठवत असेल तर सांगा.)

सरकारने या सगळ्यावर फार सोपा तोडगा काढलाय, तो आतेभावाच्या बदलीमुळे मला नीट वाचायला मिळाला. बँकेचे नियम वेगळे, पण केंद्र सरकारच्या नोकरीत शहराची महागाई म्हणजे शहराची लोकसंख्या, बस्स. ५० लाख किंवा जास्त वस्ती असेल तर शहर एक्स, ५ ते ५० लाख असेल तर वाय, त्याखालचं सगळं झेड. घरभाडं भत्ता सध्या एक्सला बेसिकच्या, म्हणजे मूळ पगाराच्या, ३० टक्के, वायला २०, झेडला १०. गंमत म्हणजे महागाई भत्ता देशभर सगळ्यांना सारखाच, मग तुम्ही कुलाब्यात असा नाहीतर कुडाळला. म्हणजे सरकारलाही हेच म्हणायचंय की डाळ-तांदूळ सगळीकडे जवळपास सारखेच, फरक पडतो तो छपराचा. इथपर्यंत माझं आणि सरकारचं एकमत आहे.

पुढे मात्र नाही. बेसिक ५०,००० असेल तर मुंबईला १५,००० भत्ता आणि कोल्हापूरला १०,०००. कोल्हापूर वायमध्ये येतं. दहा हजारांत कोल्हापुरात ठीकठाक वन बीएचके मिळतो, पंधरा हजारांत मुंबईत कोणीतरी तुमच्याकडे दयेने बघतं. आणि यात अजून एक मजा आहे. हे वर्गीकरण जनगणनेतल्या सलग नागरी वस्तीवर चालतं, त्यामुळे बृहन्मुंबईच्या पट्ट्यात ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हे सगळे एक्स, मलबार हिलच्या बरोबरीने. आणि वसई-विरार वेगळं मोजलं गेल्यामुळे वाय. विरारवाल्यांनी हे वाचून मनाला लावून घेऊ नका. पुणेपण एक्स, कोलकातापण एक्स. आता कोलकात्याला ज्यांचे कोणी राहतात त्यांनी विचारून बघा, तिथे तीच नोकरी करणारा माणूस त्या भत्त्यात शहरात, ऑफिसजवळ, दोन खोल्यांत राहतो. २०११ ला त्या पट्ट्यात १ कोटी ४१ लाख लोक होते, आपल्याकडे १ कोटी ८४ लाख. आकारात फरक आहे, पण भाड्यात जो फरक आहे तेवढा नाही. आणि टोकियोचा महानगर पट्टा तर पावणेचार कोटींच्या घरात आहे, तो नियम लावला तर तिथे कोणाला राहायलाच परवडू नये.

म्हणजे नुसता आकार नाही. मोठ्या शहरात पगार जास्त असतो हे खरं. लुईस बेटनकोर्ट, जेफ्री वेस्ट वगैरे शास्त्रज्ञ मंडळींनी २००७ साली जगभरच्या शहरांचे आकडे लावून दाखवलं होतं की शहर दुप्पट झालं की माणशी उत्पन्न दहा-पंधरा टक्के वाढतं आणि माणशी रस्ते, वायरी तेवढ्याच प्रमाणात कमी लागतात. ढोबळ हिशोब आहे, सगळ्या शहरांना तंतोतंत लागू होत नाही, पण कल्पना कळते, एकत्र राहण्याचा फायदा असतो. प्रश्न हा की तो फायदा जातो कुठे. शहरात बांधलेल्या जागेचे चौरस फूट वाढत असतील तर तो थोडा कामगाराच्या खिशात राहतो, वाढत नसतील तर जमीनमालक तो भाडं वाढवून काढून घेतो, शेवटच्या रुपयापर्यंत. मुंबईत पगारवाढ झाली की घरमालकाला वास येतो, हे आपण गमतीने म्हणतो.

आणि आपल्याकडे फूट का वाढले नाहीत तर समुद्र आहे हे एक कारण, तिन्ही बाजूंनी. पण समुद्राला किती बोल लावायचा? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. लढाईनंतरचे दिवस, फाळणीचे लोंढे, तेव्हा ते बरोबरच असेल, पण ते पुढे पन्नास वर्षं तसंच राहिलं, त्यामुळे भाड्याने द्यायला नवीन चाळ बांधायचं कोणाला कारणच उरलं नाही. जुन्या भाडेकरूला महिना पन्नास-शंभर रुपये आणि नवीन येणाऱ्याला पागडी, म्हणजे खोलीत शिरायलाच आधी एकरकमी मोठी रक्कम. १९९९ च्या कायद्याने, जो २००० मध्ये लागू झाला, पागडी अधिकृत केली आणि वर्षाला चार टक्के भाडेवाढ दिली, तोवर चाळी वाकल्या होत्या. मग १९७६ चा जमीन कमाल धारणा कायदा, मोठ्या लोकांच्या मोकळ्या जमिनी गरिबांच्या घरांना मिळाव्यात म्हणून आणलेला, त्यातून घरं फारशी झालीच नाहीत, जमिनी मात्र कोर्टात अडकल्या, केंद्राने तो १९९९ ला रद्द केला आणि महाराष्ट्राने २००७ ला. एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, मुंबईच्या बेटावर कित्येक वर्षं १.३३, उपनगरात १. म्हणजे माणसं वाढली, नोकऱ्या वाढल्या, आणि मजले कागदावर अडकून राहिले. २०११ च्या जनगणनेत मुंबईतली चाळीस टक्क्यांहून जास्त माणसं झोपडपट्टीत निघाली, ती काय हौसेने गेली नव्हती.

माझे आजोबा गिरणीत होते. ते मुंबईत 'राहत' होते असं म्हणणं धाडसाचं ठरेल. लालबागला गावकीची खोली होती, गावातले पंधरा-वीस जण मिळून एक खोली, पाळ्यांप्रमाणे झोपायचे, दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागी आडवा. ट्रंक भिंतीला, वळकटी दोरीवर. जेवायला खानावळ, बहुतेक कोणीतरी बाईच घरी चालवायची, अशाच बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. आजी, चार पोरं, म्हैस, सगळं गावाला. मनिऑर्डर गेली की गावाचा महिना निघायचा. आपण म्हणतो पूर्वी गिरणी कामगाराला एका पगारात घर चालवता यायचं. हो, कारण घर मुंबईत नव्हतंच! शहराने एका माणसाच्या झोपेपुरत्या जागेचे पैसे दिले आणि त्याचं कुटुंब वाढवायचा, म्हातारं करायचा, आजारपण काढायचा खर्च गावाने उचलला. जानेवारी १९८२ चा संप झाला तेव्हा कित्येक जण गाडी पकडून गावाला जाऊन बसले ते याच भरवशावर. माझ्या वडिलांच्या वेळी कुटुंब इकडे आलं, आणि तेव्हा खरी मुंबईची किंमत कळायला लागली.

आता दुसरी बाजू, कारण आतेभाऊ हे वाचेल आणि म्हणेल दादाने कोल्हापूरची जाहिरात केली. छोटं शहर पैसे वेगळ्या वाटेने घेतं. दुचाक्यांचं सांगितलंच. आहेर-माहेर हा तिकडचा खर्च आमच्या लोकांना कळणार नाही, तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे मे महिन्यात लग्नं टाळता येत नाहीत आणि रिकाम्या हाताने जाता येत नाही. मुंबईत ट्रेन लेट होती म्हटलं की विषय संपतो. वहिनी एमकॉम आहे, कोल्हापुरात तिला जी नोकरी मिळत होती तिचा पगार ऐकून तिने घरीच शिकवण्या घेतल्या. अजून छोट्या गावात गेलात, रत्नागिरी, चिपळूण, की शिकवण्यापण निघत नाहीत. न मिळालेला पगार कुठल्याच महागाईच्या तक्त्यात येत नाही, पण घरात तो दर महिन्याला कमी असतोच.

आणि दुखणं. आईचा गुडघा आणि शुगर चालू झाल्यावर मी एकदा सहज म्हटलं, गावचं घर बांधून ठेवलंय, हवा चांगली आहे, जाऊन राहा. ती म्हणाली, "राहायला जाईन रे, पण आजारी पडायला परत इथेच यावं लागेल." तिचं बरोबर आहे. केईएम हॉस्पिटल १९२६ पासून परळला उभं आहे, कॅन्सरचं टाटा मेमोरियल १९४१ पासून, आणि त्यांच्या समोरच्या फुटपाथवर एका रात्री फिरून या, अख्खा महाराष्ट्र आणि अर्धा उत्तर प्रदेश झोपलेला दिसेल. उपचार कमी पैशात किंवा फुकट होतात, पण पेशंटच्या माणसाने महिनोन्‌महिने राहायचं कुठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नंबर लागला तर नशीब. छोट्या गावातल्या माणसाला मोठं शहर असं हप्त्याहप्त्याने भाड्याने घ्यावं लागतं, ऑपरेशनला, पोराच्या क्लासला, कोर्टाच्या तारखेला, आणि प्रत्येक वेळी तो त्यातलं सगळ्यात महागडं तेच घेतो, रात्री आडवं व्हायला जागा.

पाण्याचं एक सांगायचं राहिलं. मुंबईत पालिकेचं पाणी इतकं स्वस्त आहे की आम्ही सोसायटीच्या मीटिंगला त्यावर कधी बोलतच नाही. ते येतं भातसा, तानसा, वैतरणा अशा धरणांतून, त्यातली कित्येक शहापूरच्या पट्ट्यात, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात. मोठ्या शहरातली स्वस्ताई कधी कधी अशी दुसऱ्याच्या डोक्यावरच्या हंड्यातून येते.

असो. सध्या आमच्या घरात जो विषय चालू आहे तो वेगळाच आहे. लालबागच्या आमच्या जुन्या चाळीचं रिडेव्हलपमेंट झालं. सगळीकडे तेच चाललंय, वरळीला बीडीडी चाळीतल्या १६० फुटांच्या खोल्यांच्या बदल्यात ५०० फुटांचे फ्लॅट, पहिल्या लोकांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या, टीव्हीवर बायका रडताना दाखवल्या, आणि ते रडणं खरं होतं, तीन पिढ्या कॉमन संडासाच्या लायनीत काढलेल्या बायकांना ते रडू येणारच. आमची चाळ खाजगी, फ्लॅट जरा लहान, पण टॉवर उंच. तिथे राहणारे माझे मामा चाळीत असताना महिन्याला दीड-दोनशे रुपये भाडं भरायचे. आता घर स्वतःच्या मालकीचं, ५०० फुटांच्या आत म्हणून २०२२ पासूनच्या माफीमुळे मालमत्ता करपण नाही, आणि मेंटेनन्स सात हजारांच्या वर. लिफ्ट आहेत, पंप आहेत, फायरची सिस्टम आहे, सिक्युरिटी आहे, वीस मजले वर पाणी चढवायला लाइट लागतेच ना, त्यात कोणी लुबाडतंय असंही नाही. मामांची पेन्शन म्हणजे गिरणी कामगाराची पेन्शन, ती सांगण्यासारखी रक्कम नाही. दोन कोटींच्या घरात बसून ते भाजी घेताना कोथिंबीर फुकट मागतात.

त्याच चाळीतल्या माझ्या शाळेतल्या मित्राने शांतपणे मार्ग काढला. त्याने फ्लॅट भाड्याने दिला, चांगलं पंचेचाळीस हजार भाडं येतं, आणि स्वतः बायकापोरांना घेऊन बदलापूरला गेला, तिकडे बारा हजारांत टू बीएचके. मधल्या पैशात मेंटेनन्स, दोन पोरांच्या फिया आणि आईची औषधं निघतात आणि थोडे उरतातपण. नोकरी मात्र लालबागलाच, पूर्वी ज्या दुकानात चालत जायचा तिथेच, आता दीड तास जायला आणि दीड तास यायला. गणपतीत भेटला तेव्हा त्याने मला मोबाइलवर सगळा हिशोब दाखवला, ओळ न् ओळ, आणि घरात आता वर्षाचा तांदूळ भरून ठेवतो हेही सांगितलं. मी सगळं बघितलं, बेरीज-वजाबाकी बरोबर होती. म्हटलं, अरे पण यात रोजचे तीन तास कुठे लिहिलेत? तर म्हणाला, "ते कशाला लिहू? गाडी बदलापूरवरूनच सुटते, सकाळी विंडो सीट मिळते."